बेदाणा होऊ नये म्हणून

शाळेत असताना थंडीच्या दिवसांत आम्हाला पाटीची गरज नसायची. हाफचड्डीखालच्या नडगीवर नखानं रेघ ओढली की पांढरीशुभ्र उमटायची. मधल्या सुट्टीत फुली-गोळा खेळून व्हायचा, शेजारच्याच्या हातावर त्याचंच नाव लिहून व्हायचं, आणि बाईंची चाहूल लागली की थुंकी लावून सगळं साफ. याला घरात सगळे 'अंग उललं' म्हणायचे. उलणं हा मला फार नेमका शब्द वाटतो. काच तडकते, कापड फाटतं, पण वाळल्यामुळे जे फुटतं ते उलतं: कपाशीचं बोंड, उन्हाळ्यातली जमीन, ओठ, टाचा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आजोळी, वेंगुर्ल्याला जायचो. तिथं असेपर्यंत अंग तुळतुळीत. नाशिकला परत येऊन आठ दिवस झाले की नडग्या पुन्हा पांढऱ्या. कातडी तीच, साबण तोच, खाण्यातले मासे सोडले तर बाकी जेवणही बरंचसं तेच. बदललेली असायची ती फक्त हवा.

हवेचा हिशोब साधा आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. १० अंशांच्या हवेत मावते ती जेमतेम साडेनऊ ग्रॅम. जानेवारीतल्या पहाटे नाशिक-निफाडकडे पारा १० किंवा त्याच्याही खाली असतो, गवतावर दव असतं, म्हणजे हवा वाफेनं जवळजवळ भरलेली असते. पण भरलेलं भांडं लहान आहे. दुपारी तीच हवा ३० अंशांपर्यंत तापते. पाणी तेवढंच राहतं आणि भांडं तिपटीनं मोठं होतं. पहाटे शंभराच्या जवळ असलेली आर्द्रता दुपारी ३० टक्क्यांवर येते. ही दोन-तृतीयांश रिकामी हवा मग मिळेल तिथून पाणी ओढते: दोरीवरच्या कपड्यांतून, तुळशीच्या मातीतून आणि आपल्या अंगातून. कोकणात समुद्र हे भांडं सतत भरत राहतो. घाट चढून वर आलं की भरणारं कुणी नाही.

जिथं खरी थंडी आहे तिथं हा हिशोब आणखी टोकाला जातो. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरमागे दोन-सव्वादोन ग्रॅमच वाफ असते. ती हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास उरते. टोरांटोला किंवा शिकागोला शिकायला गेलेली आपली मुलं डिसेंबरात फोनवर "आई, नाकातून रक्त आलं" म्हणतात, ते बाहेरच्या बर्फापेक्षा घरातल्या हीटरमुळे. इकडे खोलीत हीटर लावून झोपणाऱ्यांचंही थोडक्यात तेच होतं.

आमच्या घरी आर्द्रता मोजायचं यंत्र नव्हतं, पण खोबरेल तेलाची बाटली होती. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. सकाळी बाटली उलटी केली आणि तेल आलं नाही, की आई ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची आणि त्याच दिवशी कपाटातून व्हॅसलीनची डबीही बाहेर काढायची.

हवेचं हे खरं, पण सगळा दोष हवेवर ढकलता येत नाही. हे मला नीट कळलं ते तासगावला, एका मित्राच्या बेदाण्याच्या शेडवर. द्राक्ष नुसतं सुकायला ठेवलं तर महिनाभर घेतं. कारण मण्यावर मेणाचा एक पातळ थर असतो. आपण बोट फिरवलं की पुसली जाणारी पांढुरकी झाक असते ना, तो. पाणी आतून बाहेर यायला बघतं आणि मेण त्याला अडवतं. म्हणून शेतकरी काय करतात, तर लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल मिसळतात आणि द्राक्षांचं क्रेट त्यात काही मिनिटं बुडवून काढतात. एवढंच. मग घड जाळ्यांवर पसरतात. मण्याची साल कुठंही फाटलेली दिसत नाही, पण मेणाची वीण विस्कटलेली असते. पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो.

त्या टबाकडे बघताना लक्षात आलं की हे काम आपण रोज सकाळी स्वतःवर करतो. पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी; आपला साबणही अल्कधर्मी. बुडवणं तेही तसंच, फक्त आपलं पाणी कढत असतं. आणि नंतर बाहेर येऊन उभं राहायचं ते कोरड्या हवेत.

आपल्या अंगावरचं मेण म्हणजे काय, ते आता बघू. कातडीच्या सगळ्यात बाहेरच्या थराची जाडी अंगाच्या बहुतेक भागावर मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग एवढीच असते. वर्तमानपत्राचा कागद त्याहून जाड. एवढ्याशा थरात मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांनी याला विटा आणि चुन्याची उपमा दिली आणि ती जगभर रुळली. पेशी म्हणजे विटा. त्यांच्या मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थांचं मिश्रण: निम्म्याच्या आसपास सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल, उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. हो, तेच कोलेस्टेरॉल, जे रक्तात वाढलं म्हणून डॉक्टर रागावतात. कातडीत ते कामाचं आहे.

विटाही नुसत्या कोरड्या नसतात. प्रत्येक पेशीत पाणी धरून ठेवणारे छोटे छोटे रेणू असतात. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन मोडून ते तयार होतात. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच कमी बनतं, त्यांची नडगी माशाच्या खवल्यांसारखी दिसते, तळहातावर रेघा जास्त असतात आणि इसब व्हायची शक्यता जास्त असते. त्यामुळे एकाच घरात, एकाच साबणानं आंघोळ करणाऱ्या दोन भावांतला एक उलतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, यात नवल नाही.

घाम सोडला तरी या भिंतीतून दिवसाला ३०० ते ४०० मिली पाणी नुसतं झिरपून उडून जातं. माठातून झिरपतं तसं. भिंत शाबूत असेल तर एवढंच जातं आणि वरचा थर लवचीक राहतो. चुना निघाला की झिरपणं वाढतं, वरच्या विटा वाळतात, कडा उचलल्या जातात. त्या उचललेल्या कडांवर उजेड विखुरतो, म्हणून कातडी पांढुरकी दिसते. नखाची रेघ म्हणजे या कडा ओळीनं उपटणं.

कोरडेपणाचा उपाय म्हणून सगळ्यात आधी जे सांगितलं जातं ते म्हणजे "भरपूर पाणी प्या". प्या. तहान लागेल तेवढं जरूर प्या. थंडीत म्हातारी माणसं पाणी प्यायचं विसरतात हेही खरं. पण गळकी टाकी वरून आणखी पाणी ओतून भरत नाही. निरोगी माणसाचं अंग उलतं ते आत पाणी कमी असतं म्हणून नाही, तर बाहेरची भिंत गळते म्हणून. दुरुस्ती तिथं करायची.

आणि गळती सुरू होते ती न्हाणीघरात. तिथले गुन्हेगार तीन: पाण्याचा कढतपणा, आंघोळीचा वेळ आणि साबण. तव्यावरचं गोठलेलं तूप गरम पाण्याखाली सुटतं तशीच कातडीवरची स्निग्धता सुटते. बंब पेटवून पाणी तापवायच्या काळात निदान पाणी मोजकं असायचं; गीझरनं वीस-वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहायची सोय केली. पाणी कोमट हवं, कोपर बुडवलं तर चटका बसू नये इतपत. पाच-सात मिनिटांत आटपावं. थंडीत हे सांगणं क्रूर वाटतं, मलाही ते रोज जमतं असं नाही. पण आंघोळ झाल्यावर अंग लाल दिसत असेल आणि ओढल्यासारखं वाटत असेल, तर पाणी जास्त गरम होतं, हे निश्चित.

साबणाबद्दल एक गैरसमज आहे. वेष्टनावर टीएफएम म्हणून एक आकडा छापलेला असतो, एकूण स्निग्ध द्रव्याचा. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट साबणात तो किमान ७६ टक्के लागतो. ज्यांवर 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं, त्यांत ४० टक्केही चालतो. आकडा जास्त असला की साबण मऊ आणि चांगल्या प्रतीचा, हे बरोबर. पण ७६ टक्क्यांचा साबणही अल्कधर्मीच असतो, त्याचा सामू ९ ते १० च्या घरात. कातडीचा सामू मात्र ५ च्या आसपास, किंचित आंबट. ज्यांचं अंग खूप उलतं त्यांना डॉक्टर 'सोप-फ्री' किंवा 'सिंडेट' वडी सुचवतात, ती याच कारणानं. ती महाग असते. ती परवडत नसेल तर दुसरा मार्ग फुकटचा आहे: साबण काखा, जांघा, पाय आणि जिथं खरोखर मळ लागलाय तिथंच लावायचा. नडगीला, पोटाला, पाठीला रोज साबण कशासाठी? ऑफिसात बसून नडगीला काय लागतं? आणि घासणी डिसेंबर-जानेवारीपुरती खुंटीवरच राहू द्यावी.

नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान या सगळ्यात कुठं बसतं? तेल लावून मग आंघोळ, हा क्रम शहाणपणाचा आहे. तेलाचा थर साबणाच्या आणि पाण्याच्या वाट्याला आधी येतो, आपला चुना वाचतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हेमंत ऋतूत अभ्यंग करायला सांगितलं आहे. उटण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. ते वर्षातून चार दिवस, वासासाठी, सणासाठी, जरूर लावा. रोज लावाल तर ते तेल शोषून घेतं आणि वर भरडपणानं खरवडतं. उललेल्या अंगाला ते सोसत नाही. तान्ह्या बाळाला थंडीत डाळीचं पीठ लावून घासणाऱ्या आजीबाईंनाही हे हळूच सांगायला हवं. आणि आणखी एक: तेल लावून आंघोळ केल्यावर न्हाणीघराची फरशी घसरडी होते. उललेल्या अंगानं कुणी मेलं नाही, पण सत्तरीत मोडलेलं खुब्याचं हाड फार महागात पडतं. रबरी चटई टाका.

आता लावायचं काय आणि केव्हा. केव्हा हे जास्त महत्त्वाचं आहे. आंघोळ झाली की कातडीच्या वरच्या पदरांत पाणी शिरलेलं असतं. पंचा अंगावर घासायचा नाही, टिपून घ्यायचं, आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, जे लावायचं ते लावून टाकायचं. कपडे घालून, देवपूजा करून, चहा पिऊन मग क्रीम लावलं तर ते पाणी तोवर उडून गेलेलं असतं. आपण कोरड्या भिंतीला रंग देत बसतो. क्रीम कातडीला पाणी 'देत' नाही, असलेलं अडवतं; हे एकदा लक्षात आलं की डबी न्हाणीघराजवळ ठेवायची सवय आपोआप लागते.

बाजारात शंभर नावं असली तरी काम तीनच प्रकारांनी होतं. पहिला प्रकार झाकण घालणारा. यात सगळ्यात जोरदार पेट्रोलियम जेली. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवरचे कामगार यंत्रांवर जमणारा मेणचट गाळ कापल्या-भाजल्यावर लावतात, हे रॉबर्ट चीझब्रो या रसायनतज्ज्ञानं पाहिलं, तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षांनंतरही पाणी अडवण्यात तिला मागं टाकणारं फारसं काही निघालेलं नाही. चिकटते, कपड्यांना लागते, हा दोष. म्हणून ती रात्री. खोबरेल याच रांगेत, थोडं मागं, पण आपल्याकडे सहज मिळणारं आणि बहुतेकांना सोसणारं. मोहरीचं तेल मात्र अंगाला लावायला नको, ते कातडीला चुरचुर करतं.

दुसरा प्रकार पाणी ओढून धरणारा. ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक ॲसिड. इथं गंमत अशी, की शुद्ध ग्लिसरीन कोरड्या हवेत नुसतं लावलं तर त्याला बाहेरून ओढायला पाणी मिळत नाही, मग ते खालच्या थरातलं ओढतं आणि झोंबतं. आपल्या आज्या त्यात गुलाबपाणी घालायच्या ते बरोबर होतं. युरिया १० टक्क्यांचा अंगाला, २० टक्क्यांच्या पुढचा टाचांना. उललेल्या, चिरलेल्या जागी तो झोंबतो, म्हणून आधी चार दिवस नुसती जेली लावून चिरा मिटू द्याव्यात. तिसरा प्रकार चुना भरणारा, म्हणजे सेरामाइड असलेली क्रीमं. चांगली असतात. पण साध्या उलण्याला त्यांच्यावाचून अडत नाही, आणि औषधाच्या दुकानात मिळणारं पांढरं मऊ पॅराफिन व लिक्विड पॅराफिन यांचं साधं क्रीम बऱ्याच स्वस्तात तेवढंच काम करतं. फक्त पॅराफिन मुरलेले कपडे पटकन पेट घेतात. ते लावून गॅसपाशी किंवा समईजवळ पदर-बाह्या सांभाळाव्यात.

महागडं क्रीम घेऊन ते बोटाच्या टोकावर घेऊन लावायचं, ही आपली खरी चूक. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. अख्ख्या अंगाला अशा चाळीसेक रेघा लागतात, म्हणजे २० ग्रॅम. १०० ग्रॅमची ट्यूब पाच वेळांत संपायला हवी. दिवाळीत आणलेली बाटली शिमग्याला अर्धी उरली असेल, तर "मला काही लावून फरक पडत नाही" या तक्रारीत फारसा दम नाही. घेताना मोठा डबा घ्यावा, सुवासिक नसलेला, आणि केसांच्या दिशेनं, वरून खाली लावावा. उलट्या दिशेनं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

टाचांचं प्रकरण वेगळं. तळव्याला तेलाच्या ग्रंथीच नसतात. वर दिवसभर अंगाचं वजन आणि मागून उघडी चप्पल. टाच चपटी होऊन बाजूला पसरते आणि वाळलेला जाड थर वाकायच्या ऐवजी फाटतो. आजी यासाठी भिरंडेल वापरायची. कोकमाच्या बियांचं हे तूप घट्ट असतं, त्याचे मुठीत वळलेले गोळे मिळतात, म्हणून काही ठिकाणी त्याला मुठेल म्हणतात. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. रात्री जेवणं झाली की आजी "आधी पाय धू" म्हणायची, कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवायला लावायची, ओल्या टाचेवरून वजरी हलकेच फिरवायची, मग गोळ्याचं टोक दिव्यावर धरून थेंब भेगेत सोडायची. चुरचुरायचं, पण सकाळी भेगेच्या कडा मऊ पडलेल्या असायच्या. वर मोजे घालायचे. भिजवणं, खरवडणं, झाकणं, तिन्ही पायऱ्या आजही त्वचारोगतज्ज्ञ सांगतात त्याच आहेत. फक्त डॉक्टर भिरंडेलाऐवजी युरियाचं मलम लिहून देतात. मी मात्र थेंब सोडायच्या आधी तो मनगटावर लावून बघतो. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी यातलं काहीच घरी करू नये, गरम तेल तर नाहीच. कारण पुढे सांगतो. ओठांसाठी एवढंच: जीभ फिरवू नका, वाळलेला पापुद्रा दातानं ओढू नका. लाळ वाळताना आणखी पाणी घेऊन जाते.

हे सगळं नेमानं केलं तर किती दिवसांत फरक पडावा? वरचा थर साधारण दोन आठवड्यांत गळून नवा येतो. तेव्हा दोन आठवडे मुदत. तोवर खाज कमी झाली नाही, भेगा मिटल्या नाहीत, तर आपण समजतो ते हे नसावं. मग डॉक्टर.

'हे नसावं' मधला आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ गजकर्णाचा. गोल चट्टा, कड उचललेली आणि लालसर, मधला भाग बरा होत आलेला, जांघेत किंवा कमरेला, हळूहळू पसरणारा: ही बुरशी आहे, कोरडेपणा नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दुकानदाराला दाखवून एक ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज थांबली म्हणून ते खूश. महिन्याभरानं चट्टा मांडीभर झाला, आणि कडही आता नीट दिसेना, त्यामुळे डॉक्टरांनाही सालपटं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागली. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड असं सगळं एकत्र होतं. स्टेरॉइड खाज दाबतं आणि त्याच वेळी बुरशीला मोकळं रान देतं. या प्रकारानं देशभर इतका धुमाकूळ घातला, की २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती किती पाळली जाते, हे आपण सगळे जाणतो. स्टेरॉइड वाईट नाही. इसबाला डॉक्टर तेच देतात, पण किती जोराचं, कुठं आणि किती दिवस हे ठरवून.

दुसरा घोळ खरजेचा. खाज रात्री पांघरुणात शिरल्यावर वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती बारीक पुरळ असतं आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदमच सुटते. थंडीत एका गोधडीत झोपणाऱ्या घरांत ती झपाट्यानं फिरते. यावर व्हॅसलीनचे डबे रिकामे केले तरी उपयोग नाही. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं, ज्यांना खाज नाही त्यांनीही. लहान मुलांच्या गालांवरचे फिकट, खरखरीत चट्टे मात्र याच्या उलट. ते बहुधा सौम्य इसबाचेच असतात आणि मॉइश्चरायझरनं हळूहळू जातात. ते पोटात जंत झाल्याचे किंवा कॅल्शियम कमी असल्याचे नसतात, जरी चाळीतल्या प्रत्येक काकूंनी तसं सांगितलं तरी. एवढं मात्र पाहावं: फिकट चट्ट्यावर कापसाची वात फिरवल्यावर तिथं स्पर्श कळतो ना? कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आजार पूर्ण बरा होतो, आणि लपवत बसण्यानंच नुकसान होतं.

कोपर, गुडघे, डोक्यात चंदेरी पापुद्र्यांचे जाड चट्टे असतील तर सोरायसिस. तो थंडीत वाढतो. म्हाताऱ्या माणसांच्या नडगीवर आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी जाळीदार, लाल भेगांची नक्षी पडते. तो कोरडेपणाच आहे, पण इसबाच्या पायरीवर पोचलेला, आणि त्याला नुसतं तेल पुरत नाही. खाजेसाठी दुकानातून झोपेची गुंगी आणणारी गोळी आणून आजोबांना देऊ नये. कोरडेपणाच्या खाजेवर तिचा उपयोग थोडा आणि रात्री उठताना पडण्याचा धोका मोठा.

काही वेळा कातडी आतली बातमी सांगत असते. अंग कोरडं, शिवाय इतरांपेक्षा थंडी जास्त वाजते, वजन वाढतंय, पोट साफ होत नाही, केस गळतायत, तर थायरॉइड तपासावा. अंगावर पुरळ काहीच नाही, पण खाज सुटून झोप लागत नाही, तर मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय खाजत असतील, तर "थंडीमुळे असेल" म्हणून थांबायचं नाही. यकृतातल्या पित्ताशी त्याचा संबंध असू शकतो आणि पोटातल्या बाळाला धोका असतो, म्हणून त्याच दिवशी दाखवावं. मोठेपणी, पूर्वी कधी नसताना, अंगावर खवले येऊ लागले, तरीही डॉक्टरांना दाखवावं. आणि मधुमेहींचे पाय: साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बिघडतात. घाम कमी होतो म्हणून टाच वाळते, आणि संवेदना कमी झाल्यानं ती फाटलेली कळत नाही. गरम तेलाचा चटकाही कळत नाही. भेग जंतूंना उघडं दार. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री आरसा खाली धरून तळवे बघावेत, आणि भेगेतून रक्त किंवा पाणी दिसलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जावं, वजरी हातात घेऊ नये.

तातडीचं म्हणाल तर, भेगेभोवती लाली पसरत चाललीय, हात लावला तर गरम लागतंय, पू आहे, ताप आहे. किंवा इसब असलेल्या मुलाच्या अंगावर एकसारख्या, दुखणाऱ्या पाणीदार फोडांचा थवा उठलाय. किंवा जवळजवळ सगळं अंगच लाल होऊन सालपटं गळतायत आणि हुडहुडी भरतेय. यातलं काहीही असेल तर उद्याची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. सगळं अंग लाल झालेल्या माणसाच्या भिंतीतून पाणी आणि उष्णता दोन्ही इतक्या वेगानं जातात, की त्याला दाखल करून घ्यावं लागतं.

बाकी वेळी डॉक्टरकडे जाताना एक पिशवी घ्या आणि अंगाला आतापर्यंत जे जे लावलं ते सगळं त्यात टाका: साबणाचं वेष्टन, तेलाची बाटली, शेजाऱ्यांनी दिलेलं मलम, आणि दुकानदारानं नाव न सांगता दिलेली ती ट्यूब, शेवटपर्यंत पिळून चपटी झालेली असली तरी. नाव तिच्या मुडपलेल्या टोकाशी कुठंतरी छापलेलं असतं. डॉक्टर आधी तेच उलगडून वाचतात.